आमवाताच्या रुग्णांचे अनुभव लोकांपुढे मांडायचे आहेत: काय विचारावं, काय छापू नये?

कृष्णाकाठ

१२ ऑक्टोबरच्या जागतिक संधिवात दिनासाठी आमच्या तालुक्यातला रुग्ण-गट आठ जणांचे अनुभव गोळा करतोय. सहा बायका, दोन पुरुष, सगळ्यांना रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. गावाकडे त्याला आमवात म्हणतात, कुणी नुसतं 'वात आहे' म्हणतं. प्रत्येकाचा एक फलक एसटी स्टँडवर आणि ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात लावायचा आहे. शिवाय व्हॉट्सॲपवर पाठवायला दोन-तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण हवंय.

दोन मुलाखती झाल्या. दोन्हींत "खूप सोसलं, पण हार मानली नाही" यापलीकडे हाती काही लागलं नाही. मग प्रश्न कसे विचारावेत? औषधांची नावं छापावीत का? वाकड्या बोटांचा फोटो लावला तर लोक थांबून वाचतील असं काही जणांचं म्हणणं आहे, ते बरोबर आहे का? आणि संमती कागदावर कशी घ्यायची?

---

ओपीडी_समुपदेशक

ताई, आधी एक गोष्ट नक्की करा: फलक वाचून नेमक्या कुणी, नेमकं काय करायला हवंय? माझ्या मते वाचणारी बाई अशी आहे: वय तीस ते पन्नास, सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, दोन महिने झाले तरी 'थंडी बाधली असेल' म्हणून तेल चोळतेय. तिने त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा, एवढ्यासाठी हा फलक. धीर देणारी वाक्यं तिच्या उपयोगाची नाहीत, कारण आपल्याला आजार आहे हेच तिला अजून ठाऊक नाही.

म्हणून कथेचा कणा तारखांचा ठेवा. पाच तारखा काढा: पहिल्यांदा बोटं आखडली कधी, पहिल्या डॉक्टरकडे गेल्या कधी, पहिली रक्ततपासणी, आजाराचं नाव कळलं तो दिवस, आणि मूळ आजारावरचं औषध सुरू झालं तो दिवस. पहिल्या आणि शेवटच्या तारखेतलं अंतर आठवड्यांत मोजा आणि तो आकडा फलकावर सगळ्यात मोठ्या अक्षरात लावा. 'औषध सुरू व्हायला ६१ आठवडे' असं वाचल्यावर माणूस स्वतःचे आठवडे मोजायला लागतो.

अंतरावर एवढा भर का, तर लक्षणं सुरू झाल्यापासूनचे पहिले बारा आठवडे फार मोलाचे असतात. या काळात योग्य औषध सुरू झालं तर आजार आटोक्यात येण्याची आणि सांधे वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. सांध्यांना सूज असेल तर सहा आठवड्यांच्या आत तज्ज्ञाने पाहावं, असं युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचं मार्गदर्शन आहे. सांध्याच्या अस्तराला आलेली सूज हळूहळू कूर्चा आणि हाड कुरतडते, आणि एकदा झीज झाली की ती भरून निघत नाही. वेदनाशामक गोळीने दुखणं थांबतं, कुरतडणं थांबत नाही. आपल्याकडे महिने वाया जातात ते बहुतेक इथेच: गोळी घेतली की बरं वाटतं, म्हणून पुढे जायचंच राहतं.

प्रत्येक कथेत तीन खुणा आल्याच पाहिजेत. पहिली, सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो. अर्ध्या तासाहून जास्त, आणि तासाच्या पुढे गेला तर संशय आणखी बळावतो. दुसरी, सूज. नुसतं दुखणं वेगळं आणि सुजणं वेगळं, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. तिसरी, हस्तांदोलन करताना धरतात तसा पंजा आडवा धरून बोटांच्या मुळाशी हलकं दाबलं की कळ येते. कोणते सांधे तेही विचारा. आमवातात बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे, मनगटं, पायांचे चवडे, आणि बहुधा दोन्ही बाजूंचे. नखाजवळचं शेवटचं पेर सहसा सुटतं, तिथल्या गाठी बहुतेकदा वयानुसार होणाऱ्या झिजेच्या असतात.

यावरून मथळ्याचा मुद्दा. फलकावर नुसतं 'संधिवात' लिहू नका. मराठीत गुडघ्याची झीज, युरिक ॲसिडचा गाउट, आमवात, सगळ्यांना संधिवातच म्हणतात. मग सत्तरीच्या आजी गुडघे धरून येतात आणि जिच्यासाठी खटाटोप केला ती बाई 'हे म्हाताऱ्यांचं दुखणं' म्हणून पुढे जाते.

---

मुलाखतकार_पुणे

'हार मानली नाही' हे उत्तर येतं, कारण प्रश्न 'तुम्हाला कसं वाटलं?' असा असतो. त्याऐवजी हाताने करायच्या कामांबद्दल विचारा. सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं? ते कधी जमेनासं झालं? मग काय करायचात? एवढं विचारलं की माणसं आपोआप बोलू लागतात: कुकरचं झाकण फिरत नव्हतं, कणीक मळायला मुलीला बसवलं, ब्लाउजची हुकं लागत नव्हती, ओलं धुणं पिळता येत नव्हतं, एसटीत चढताना दांडा पकडवत नव्हता. पुरुषांना मोटारसायकलचा क्लच, स्कूटरची किक, दाढीचं रेझर, शेतात खुरप्याची मूठ यांबद्दल विचारा. 'असह्य वेदना' यातून डॉक्टरलाही काही कळत नाही. 'चहाचा कप कानाला धरून उचलता येत नव्हता, दोन्ही तळव्यांत धरायचे' म्हटलं की वाचणाऱ्याचा हात आपसूक आठवून बघतो.

दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा.

"या आजाराने माझं आयुष्य उद्ध्वस्त केलं, पण मी जिद्दीने उभी राहिले."

"आषाढात भाकरी थापता येईना. नऊ वाजेपर्यंत बोटं सुटत नसत, दुपारी मात्र सगळं ठीक, म्हणून घरात कुणाला खरं वाटत नव्हतं."

दुसरं वाक्य मी नमुन्यासाठी रचलंय, कुणाचं नाही. पण त्यात महिना आहे, वेळ आहे, आणि 'दुपारी ठीक' हा या आजाराचा विशेष आहे. घरच्यांचा अविश्वास नेमका त्यामुळेच येतो. कथेत हे आलं तर सासू-नवऱ्यालाही वाचताना काहीतरी उमगेल.

तारखा कुणाला पाठ नसतात. सणांनी, शेतकामाने आणि घरातल्या प्रसंगांनी विचारा: गणपती आधी की नंतर? भातलावणी झाली होती का? मुलीची दहावी त्याच वर्षी का? मग जुने केसपेपर, औषधांची बिलं आणि एक्स-रेची पाकिटं काढायला सांगा, पाकिटावर तारीख असते. आठवण आणि कागद यांत चार-सहा महिन्यांचा फरक निघणं नेहमीचंच. छापताना कागदाची तारीख धरा.

वेळ सकाळची नको. अकरानंतर ठेवा, बोटं सुटलेली असतात. हातांची खुर्ची द्या, जमिनीवर बसवू नका. पाऊण तासाच्या वर ताणू नका, कारण थकवा हा या आजाराचाच भाग आहे. आल्या आल्या हात मिळवू नका. फोटोसाठी 'मूठ वळून दाखवा' असं तर अजिबात नको.

फलकाला दीडशे ते दोनशे शब्द पुरे. एसटी स्टँडवर उभं राहून त्याहून जास्त कुणी वाचत नाही. ध्वनिमुद्रणाला अडीच मिनिटं, आणि पहिल्या दहा सेकंदांत हाताचं काम आलंच पाहिजे. 'नमस्कार, मी अमुक गटातून बोलतेय' यातच दहा सेकंद गेले तर पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही. पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर लांब ठेवा, आणि शेवटी पाच सेकंद कुणीही बोलू नये.

---

औषधालय_सोलापूर

औषधांबद्दल माझं स्पष्ट मत: मात्रा छापूच नका. नाव छापायचं तर मूळ औषधाचं, कंपनीचं नाही.

कारण मेथोट्रेक्सेट. या आजारात बहुतेकांना आधी हेच देतात आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. बाकीच्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीही रोज घेतली जाते. ही चूक होते, जिवावर बेतते, आणि ती चिठ्ठी वाचताना, दुकानात किंवा घरी, कुठेही होऊ शकते. तोंड येणं, ताप, रक्तातल्या पेशी घटणं ही तिची लक्षणं. कथेत कुणी सहज 'मी दोन गोळ्या घेते' म्हटलं आणि ते फॉरवर्ड झालं, तर ऐकणारी रोज दोन घेईल. मेथोट्रेक्सेटचा उल्लेख आला तर त्याच वाक्यात 'आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी' असायलाच हवं. वार लक्षात ठेवायला आठवडी बाजाराचा दिवस सोयीचा. उपवासाचा वार नको, पोट रिकामं म्हणून गोळी चुकते. सोबत देतात ती फॉलिक ॲसिडची (जीवनसत्त्वाची) गोळी कोणत्या दिवशी, ते डॉक्टर लिहून देतात. पाकिटावर ठळक पेनाने वार लिहून देण्याचा आग्रह रुग्णाने दुकानदाराकडे धरावा. असा तपशील मात्र कथेत जरूर यावा, तो दुसऱ्याच्या उपयोगाचा आहे.

आणखी एक गोष्ट कथांमधून नेमकी गळते: वाट पाहण्याचा काळ. ही औषधं लागू पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. 'औषध सुरू झालं आणि मी बरी झाले' असं लिहिलं की तिसऱ्या आठवड्यात गुण नाही म्हणून वाचणारी औषध सोडते. त्या मधल्या आठवड्यांत काय केलं, रक्ततपासणी किती वेळा झाली, कशाचा त्रास झाला, हे विचारा. या औषधांवर असताना रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी ठरावीक अंतराने करावीच लागते. पैसे वाचवायला लोक हीच पहिली टाळतात.

तरुण बाईची कथा असेल तर गर्भधारणेचा मुद्दा सोडू नका. मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही, दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ते थांबवावं लागतं. मात्र गरोदरपणात चालणारी औषधंही आहेत. 'या आजारात मूल होत नाही' असा अर्थ वाचणाऱ्याने काढता कामा नये.

'दोन दिवसांत फरक पडला' असं कुणी सांगितलं तर थांबून विचारा, काय घेतलं होतं? बिननावाच्या पुड्या आणि कागदात बांधून दिलेल्या गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. त्याने झटपट बरं वाटतं, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि अशी पुडी बरेच दिवस घेऊन एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून फलकावर 'पुड्या ताबडतोब फेकून द्या' असं लिहू नका. 'पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा' असं लिहा.

---

संमती_आणि_छायाचित्र

संमती एकदा नाही, दोनदा घ्या. मुलाखतीआधी एकदा, आणि मजकूर तयार झाल्यावर तो वाचून दाखवून पुन्हा एकदा. दोन्हींत निदान दोन दिवसांचं अंतर असू द्या. बोलण्याच्या भरात सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी नकोशी वाटू शकते.

'माझी हरकत नाही' या एका ओळीवर भागवू नका. नाव, चेहरा, हात, आवाज, गाव, सगळ्यांपुढे वेगळ्या चौकटी ठेवा. हात चालेल पण चेहरा नको, असं पुष्कळ जणांचं असतं. कुठे लागणार, किती दिवस, नको झालं तर कुणाला फोन करायचा, आणि नाही म्हटलं तर उपचारांवर किंवा गटातल्या सभासदत्वावर काहीही परिणाम होणार नाही, हे स्वच्छ लिहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं सूत्रही हेच: संमती मोकळेपणाने आणि ठरावीक कामापुरती हवी, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं. फक्त एक खरं सांगावं लागेल. फलक उतरवता येतो, व्हॉट्सॲपवर पुढे गेलेला आवाज परत आणता येत नाही. हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा. मनगट दुखत असेल तर लांबलचक फॉर्म भरायला लावू नका, तुम्ही भरा, त्या सही करतील.

बाईशी एकटीने बोला. नवऱ्याचा होकार हा तिचा होकार नव्हे. लग्न व्हायच्या मुलीच्या घरी 'स्थळं येणार नाहीत' ही धास्ती खरीच असते, तिला उगाच आग्रह करू नका. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या कथा यात घेऊच नका. पालकांच्या संमतीचा प्रश्न आहेच, शिवाय सोळा वर्षांच्या आत सुरू होणारा संधिवात वेगळा गणला जातो.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असं होत नाही. 'अमुक गावची अंगणवाडी सेविका, वय ४२' एवढ्यावर अख्खा तालुका ओळखतो. गाव काढा, वय 'चाळिशीत' करा, व्यवसाय ढोबळ ठेवा. पण आठवड्यांचा आकडा, सांधे, औषधाचा क्रम यांना हात लावू नका. लपवायचं ते माणसाबद्दलचं. आजाराबद्दलचं जसंच्या तसं राहिलं पाहिजे.

हाताच्या फोटोत गोंदण, अंगठी, बांगड्यांची ठेवण यांवरून माणूस कळतो, तेव्हा आधी विचारा. मागे केसपेपर दिसत नाही ना, पाहा. रिपोर्टचा फोटो लावायचाच तर नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून भागत नाही. क्यूआर कोडही झाका, बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर तो स्कॅन केला की अख्खा रिपोर्ट उघडतो. फोटो आपसांत 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर कुठे काढला ती जागा फाइलमध्ये राहू शकते, हेही ध्यानात ठेवा.

---

वैद्यकी_जिज्ञासू

पुष्कळ रुग्ण आयुर्वेदिक उपचार घेतात, पथ्य पाळतात. ते गाळलं तर कथा अर्धवट नाही का राहणार?

---

ओपीडी_समुपदेशक

गाळू नका. काय घेतलं, किती महिने, त्या काळात सूज कमी झाली की नुसतं दुखणं, आणि रक्ततपासणीत काय दिसलं, हे तारखांसह लिहा. अलोपॅथीच्या औषधांनाही हाच नियम लावा. 'अमुक काढ्याने आमवात मुळापासून गेला' असं वाक्य मात्र कुणाच्याही तोंडी छापू नका. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत संधिवात आहे. यादीतला आजार बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात त्या कायद्याने चालत नाही, आणि उत्पादनाचं नाव असलेली रुग्णकथा जाहिरातच होऊन बसते. फलकाचा खर्च औषध कंपनीने किंवा दुकानाने उचलला असेल तर तेही फलकावर लिहा.

पथ्याबद्दल बोलताना काळजी घ्या. आंबट, वांगं, डाळी, दही सगळं सोडून बसलेल्या बायका मुळातच अशक्त असतात, आणि या आजारात रक्त कमी होणं नेहमीचं. 'मी डाळ सोडली' हे फलकावर गेलं की दहा जणी सोडतील.

वाकड्या बोटांच्या फोटोला माझा विरोध आहे. लोक थांबतील हे खरं. पण जिची बोटं अजून सरळ आहेत ती म्हणेल, 'माझं असं नाही, म्हणजे मला तो आजार नाही.' आपल्याला हवी होती तीच निश्चिंत होऊन निघून जाते. सुरुवातीची सूज दाखवा: बोटांच्या मुळाशी दोन उंचवट्यांमधल्या खळग्या भरून आलेला हात, आणि शेजारी तसाच धरलेला निरोगी हात. उजेड खिडकीचा, बाजूने येणारा. फ्लॅशने सूज सपाट दिसते.

रक्ततपासणीबद्दल एक वाक्य प्रत्येक फलकावर हवंच. आरए फॅक्टर (आमवातासाठी नेहमी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही, असं नाही. साधारण २० ते ३० टक्के रुग्णांत तो निगेटिव्ह असतो. उलट काही निरोगी माणसांतही तो पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी तपासणी अधिक नेमकी, पण तीही काहींत निगेटिव्ह असते. तुमच्या आठ जणांत असा निगेटिव्ह रिपोर्टवाला रुग्ण असेल तर त्याची कथा आधी घ्या, महिने वाया जातात ते याच गैरसमजापायी. पुरुषांपैकी निदान एक जण घ्याच. आजार बायकांत दुप्पट-तिप्पट दिसतो, म्हणून पुरुषांच्या बाबतीत तो लवकर कुणाच्या मनातच येत नाही.

चिकुनगुन्याचंही पाहून घ्या. तापानंतर महिनोन्‌महिने दोन्ही हातांचे लहान सांधे सुजलेले राहू शकतात आणि चित्र आमवातासारखंच दिसतं. ज्याची सुरुवात तापाने झाली त्याचं निदान डॉक्टरांकडून नक्की करून घेतल्याशिवाय ती कथा लावू नका.

आकडा हवा असेल तर आपल्याच मातीतला आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ पासून घरोघर जाऊन सांध्यांच्या आजारांची पाहणी झाली. तिथे आमवाताचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आढळलं. म्हणजे दर दोनशे माणसांत साधारण एक. हजार वस्तीच्या गावात पाच जण, असं लिहिलं तर लगेच समजतं.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही मुलाखती पुन्हा घेते, या वेळी केसपेपर समोर ठेवून. आठांपैकी एका पुरुषाचा आरए फॅक्टर निगेटिव्हच आहे, त्यांना विचारते. शेवटचं एक: फलकाच्या तळाशी गटाचा फोन नंबर देणार आहोत. फोन आले तर आमच्या कार्यकर्त्यांनी काय सांगायचं?

---

ओपीडी_समुपदेशक

निदान सांगायचं नाही, औषध सुचवायचं नाही, आणि 'काही नसेल' असंही म्हणायचं नाही. चार गोष्टी विचारून वहीत लिहा: किती आठवडे झाले, कोणते सांधे सुजतात, सकाळी किती वेळ आखडलेले असतात, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. सूज असेल तर सहा आठवडे होण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात एम.डी. मेडिसिन किंवा संधिवाततज्ज्ञाकडे पाठवा. संधिवाततज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणीही नसेल तर एम.डी. डॉक्टर उपचार सुरू करू शकतात, तज्ज्ञाची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. जाताना जुने रिपोर्ट, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि सकाळी उठल्या उठल्या काढलेला हाताचा फोटो न्यायला सांगा. दुपारी बारा वाजता ओपीडीत पोचेपर्यंत सूज उतरलेली असू शकते.

ताप आहे, एकच सांधा अचानक लाल आणि गरम होऊन सुजलाय, असं कुणी सांगितलं तर ते वेगळं. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा. मेथोट्रेक्सेट चालू असताना तोंड आलं, ताप आला, किंवा गोळी रोज घेतली गेल्याचं कळलं, तरीही त्याच दिवशी.

नंबरासोबत फोन घेण्याची वेळ छापा, नाहीतर चार दिवसांत कार्यकर्ते फोन बंद ठेवू लागतील. आणि फलकावर ओपीडीचा वार व वेळ टाकण्याआधी रुग्णालयात विचारून घ्या. ऑक्टोबरच्या आसपास नवरात्र, दसरा, दिवाळी मागोमाग येतात. ताठरलेल्या हातांनी एसटी पकडून आलेली बाई ओपीडी बंद पाहून परत गेली, तर ती पुन्हा लवकर येणार नाही.